कृष्णा-कोयनेचा स्टोल: कऱ्हाडचा संगम सुयांवर कसा आणावा?

कोयनाकाठची
नमस्कार मंडळी. विणकामाच्या जुन्या धाग्यावरच विचारणार होते, पण हे प्रकरण लांबणार असं दिसतंय म्हणून वेगळा धागा काढला.

येत्या जानेवारीत आईची पंचाहत्तरी आहे. तिचं माहेर पाटण, सासर वाई. जन्म कोयनेकाठी आणि संसार कृष्णेकाठी. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं टोपडं तिने विणलंय. आता बोटांचे सांधे धरतात, दोन वर्षं झाली सुया हातात घेतलेल्या नाहीत. तिच्यासाठी जाळीचा स्टोल विणायचा आहे आणि त्यात या दोन्ही नद्या हव्यात. वर भरतकाम नको, रंगीत चित्र नको. जाळीतूनच पाणी दिसलं पाहिजे.

ठरवलंय ते असं: ७८ टाके, ८ नंबरच्या सुया, बारीक मेरिनो लोकर, ५० ग्रॅमला साधारण ४०० मीटर भरते अशा दोन लडी. एका टोकाला महाबळेश्वर, मग धोम, वाई, माहुली आणि दुसऱ्या टोकाला कऱ्हाड.

अडलंय कऱ्हाडला. तिथे कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना थेट समोरून. दोघी एकमेकींवर येतात आणि काटकोनात पूर्वेला वळून एक होऊन जातात. माझी वीण खालून वर जाणार. वरून खाली येणारी नदी तिच्यात आणायची कशी?

सुलट_उलट
विषय फार आवडला. दोन नद्यांची वेणी घातली तर? केबलची सुई घेऊन टाके एकमेकांवरून ओलांडायचे, झाला संगम.

माहुलीकर
वेणी नको. वेणीत दोन पदर एकमेकांना ओलांडून पुढे वेगवेगळेच राहतात. नदीचं तसं होत नाही. संगमानंतर कोयनेचं नावही उरत नाही, पुढे सगळी कृष्णाच.

विणकाम मला येत नाही, पण नदीचं काही चुकत असलं तर सांगेन. पहिली गोष्ट: कऱ्हाडच्या आधी माहुलीला वेण्णा मिळते, ती विसरू नका. त्यानंतर उरमोडी आणि उंब्रजला तारळी. तिन्ही पश्चिमेकडून, म्हणजे कृष्णेच्या उजव्या काठाला मिळतात.

कोयनाकाठची
माहुलीकर, वेण्णा माझ्या आराखड्यात होती, उरमोडी आणि तारळी नव्हत्या. आता घालते. उपनद्यांसाठी एकेरी भोकांची तिरकी रेघ पुरेल असं वाटतंय: सुईवर नुसता दोरा घ्यायचा (तिथे भोक पडतं), मग दोन टाके न विणता एकेक करून उचलून मागून एकत्र विणायचे. दर सुलट ओळीत हे एक टाका डावीकडे सरकवत नेलं की उजव्या काठावरून निघालेली रेघ मुख्य धारेला जाऊन मिळते. नदीचा उजवा काठ आणि विणीचा उजवा काठ एकच ठेवते, म्हणजे मोजताना घोळ होणार नाही.

अनघा_पुणे
पाण्यासाठी 'ओल्ड शेल' का घेत नाहीस? १८ टाक्यांची पुनरावृत्ती आहे, ७८ त चपखल बसते: चार वेळा १८ आणि दोन्ही काठांना ३-३. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र असं तीनदा, मग 'दोरा घेऊन एक सुलट' असं सहा वेळा, परत दोन-दोन एकत्र तीनदा. चौथी ओळ पुन्हा सुलट. नक्षी एकाच ओळीत असल्यामुळे गप्पा मारत विणता येते आणि लाटा छान उठतात.

फेअर_वारा
ॲबर्डीनहून लिहितेय. अनघाताई, ती वीण शेटलंड बेटांची आहे. तिथल्या उन्स्ट बेटाची जाळीची शाल इतकी तलम असते की अंगठीतून आरपार जाते. लर्विकच्या संग्रहालयात अशा शाली काचेआड पाहिल्या तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हलले नव्हते.

पण मला वाटतं ती लाट समुद्राची आहे. काठावर येते, फुटते, परत जाते, पुन्हा तीच. नदीला एक दिशा असते. चारही घरांत एकसारखी लाट घातली तर समुद्र होईल, कृष्णा होणार नाही.

अनघा_पुणे
हे पटलं नाही. आईला स्टोल अंगावर घ्यायचा आहे, नकाशा म्हणून भिंतीवर लावायचा नाहीये. लाट म्हणजे पाणी हे बघणाऱ्याला लगेच कळतं. तिरक्या रेघा आणि त्यांना मिळणाऱ्या उपरेघा हे विणणारीला कळेल, घालणारीला कळेल का?

कोयनाकाठची
अनघाताई, आईला कळेल. ती टाके वाचते. लग्नात कोणाच्या अंगावर हाताचा स्वेटर दिसला की जवळ जाऊन बोटाने ओळी मोजणारी बाई आहे ती.

गवती_चहा
मी पाटणचीच. तुमच्या आईंच्या माहेरचं वाचून लिहावंसं वाटलं. कोयनेचं एक वेगळेपण स्टोलमध्ये यायलाच हवं. ती महाबळेश्वरहून निघते आणि सह्याद्रीच्या रांगेला धरून सरळ दक्षिणेला जाते. तापोळा, बामणोली, सगळं शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी. आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळते. हळूहळू वळण घेत नाही, कोपऱ्यावर वळल्यासारखी वळते. तिथून पाटण आणि मग कऱ्हाड.

हेळवाकचं वळण नसेल तर ती कोयना नव्हे.

दगडूची_लेक
आमच्याकडे निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे आहेत. खडकात पाण्याने गोल गोल घुसळून केलेले खड्डे. कोणी त्यावर स्टोल विणला तर मी पहिली विकत घेईन!

फेअर_वारा
दगडूची_लेक, खळगे विणता येतील. एस्टोनियातल्या हापसालू गावच्या शालींमध्ये 'नुप्प' नावाचे गोळे असतात. एका टाक्यात पाच किंवा सात टाके काढायचे आणि पुढच्या ओळीत ते सगळे एकत्र उलट विणायचे. तो उंचवटा होतो, खड्डा नाही, पण नदीपात्रातल्या गोट्यांसाठी उत्तम. फक्त ते टाके काढताना हात अगदी सैल ठेवावा लागतो, नाहीतर परतीच्या ओळीत सुई सातांच्या खाली जातच नाही.

माहुलीकर
एक प्रश्न विचारू का? स्टोल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडेच विणायचा असा नियम आहे का? दोन्ही टोकांकडून सुरू करून मध्ये भेटवता येत नाही?

अनघा_पुणे
येतो की! अगं कोयनाकाठची, हेच उत्तर आहे. दोन अर्धे भाग वेगवेगळे विणायचे आणि मधोमध सुईने जोडायचे. ज्या नक्षीला वर-खाली अशी दिशा असते तिचे स्टोल असेच विणतात, म्हणजे दोन्ही पदर समोर एकसारखे लोंबतात. एक अर्धा कृष्णा, एक अर्धा कोयना. दोघी समोरासमोर येणार आणि कऱ्हाड बरोबर मानेमागे!

गवती_चहा
थांबा थांबा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि कोयनाही महाबळेश्वरलाच. म्हणजे स्टोलची दोन्ही टोकं एकाच गावची. आणि अंगावर घेतल्यावर ती दोन्ही टोकं समोर हातात एकत्र येणार.

कोयनाकाठची
गवती_चहा, हे वाचलं आणि उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तीन आठवडे कागदावर रेघोट्या मारतेय, पण हे दिसलं नव्हतं. पंचगंगेच्या देवळात आईबरोबर किती वेळा गेलेय. एकाच ठिकाणाहून पाच नद्या निघतात हे ती दरवेळी सांगते.

ठरलं. दोन अर्धे भाग. माहुलीकर, विणकाम येत नाही म्हणालात आणि गाठ तुम्हीच सोडवलीत.

फेअर_वारा
मग 'ओल्ड शेल'बद्दलचं माझं म्हणणं अर्धं मागे घेते. ती टोकांना घ्या. त्या विणीत सुरुवातीचा काठ आपोआप कमानीकमानींचा होतो, कारण एका जागी टाके दाबले जातात आणि दुसरीकडे फाकतात. शिवाय चौथी ओळ मागून सुलट विणल्यामुळे दर चार ओळींनी एक आडवी कड उमटते. महाबळेश्वरहून खाली पाहिलं की कातळाचे थर एकावर एक पायऱ्यांसारखे दिसतात ना, तसंच. डोंगर संपला की लाट थांबवायची आणि धार सुरू करायची.

अनघा_पुणे
वा! हे मात्र पटलं.

रानभैरी
लोकर इथलीच का नाही? आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आहे. सनगरांनी विणलेलं घोंगडं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. नदी कृष्णा आणि लोकर परदेशी मेंढीची, हे मला खटकतं.

अनघा_पुणे
रानभैरी, भावना समजते, पण दख्खनी लोकर जाड आणि आखूड धाग्याची असते. घोंगड्याला तोच तिचा गुण, पाऊस आणि थंडी दोन्ही अडवते. जाळीला लांब, मऊ, ताणला तरी न तुटणारा धागा लागतो. आणि ७५ वर्षांच्या मानेला घोंगडं टोचेल.

रानभैरी
मान्य, मानेला नको. पण मेंढपाळाला लोकरीचे पैसे मिळत नाहीत म्हणून कापलेली लोकर टाकून द्यावी लागते, हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून विषय निघाला की बोलल्याशिवाय राहवत नाही.

कोयनाकाठची
बोलत राहा हो. आईसाठी मेरिनोच, पण याच धाग्यामुळे आता घरात एक घोंगडी येणार हे नक्की.

रंगाचंही विचारायचं होतं. मला पावसाळ्यातलं तांबूस गढूळ पाणी हवं होतं, फिक्यापासून गडद होत जाणारं. बहीण म्हणते निळा घे.

सुलट_उलट
निळा नको, कृष्णेचं पाणी कधी निळं पाहिलंय? पण बदलत जाणारा रंगही नको. जाळीत भोकं बोलतात. रंग बदलत गेला की डोळा रंगाकडे जातो आणि भोकं हरवतात. माझी एक पूर्ण शाल अशी वाया गेली, दोन महिन्यांचं काम, लांबून नुसते डाग दिसतात. एकच फिका रंग घ्या. खारीक रंग किंवा पिवळसर राखाडी.

आणि अगदी पातळ असली तरी ॲक्रिलिक घेऊ नका. जाळी सुईवरून उतरते तेव्हा चोळामोळा झालेली असते. लोकर भिजवून ताणली की त्याच आकारात वाळते. ॲक्रिलिक पाण्याने ताणलं तर वाळल्यावर परत आखडतं. वाफेने बसतं, पण मग ते कायमचं मरगळतं.

कोयनाकाठची
हे मी अनुभवलंय. नमुना ॲक्रिलिकमध्ये केला होता, टाचण्या काढल्या आणि दोन तासांत कृष्णा आटली. मेरिनोचा नमुना मात्र सहा इंचांचा सव्वाआठ इंच झाला आणि तसाच राहिला. रंग खारीक ठरवला.

गवती_चहा
आई ६७ च्या भूकंपात कुठे होत्या? ११ डिसेंबरची ती पहाट आमच्या घरात अजून सांगतात. वाटलं, कोयनेच्या भागात त्याची काही खूण असावी. एखादी मोडलेली ओळ.

कोयनाकाठची
पाटणलाच होती, सोळा वर्षांची. तुमचं वाचून मी तिला आडून विचारलं, की समजा कोणी कोयनेवर काही विणलं तर भूकंप दाखवावा का. ती म्हणाली, "अंगावर पांघरायचं असेल तर नको. त्या थंडीत आम्ही कितीतरी रात्री अंगणात काढल्या, तेव्हा जे पांघरलं होतं ते विण म्हणावं." ते काय होतं विचारलं तर म्हणाली, आजीचं लुगडं आणि एक घोंगडी.

भूकंप घालणार नाही.

रानभैरी
घोंगडी. बघा.

माहुलीकर
संगम झाला, पण पूर्वेला जाणारी नदी कुठे आहे? कऱ्हाडला दोघी भेटून तिथेच थांबत नाहीत. प्रीतिसंगमाच्या काठावर उभं राहिलं की डावीउजवीकडून दोघी येताना दिसतात आणि समोर एकच मोठं पात्र निघून जातं. पुढे सांगली, नरसोबाची वाडी आणि थेट बंगालचा उपसागर. ते पात्र नसेल तर तो संगम नाही, धरण आहे.

सुलट_उलट
मधल्या काठावरून टाके उचलून पाठीवर एक त्रिकोण विणला तर? तीच पुढची कृष्णा.

अनघा_पुणे
स्टोलला मागे त्रिकोण आला की ती शाल होते आणि खांद्यावरून सारखी घसरते. नको.

फेअर_वारा
तुकडा जोडायची गरजच नाही. जोडाच्या आधीच्या ओळींमध्ये, धारेपासून एकाच काठापर्यंत, आडव्या भोकांची ओळ घाला: दोन एकत्र, दोरा घ्या, दोन एकत्र, दोरा घ्या. फक्त अर्ध्या रुंदीत, बाकीचा अर्धा भाग साधा. एक ओळ सोडून एक, अशा तीन ओळी कृष्णेच्या भागात आणि तीन कोयनेच्या. जोडल्यावर सहा ओळींचं रुंद पात्र काटकोनात काठाबाहेर जाईल. त्या बाजूची तीन टाक्यांची सुलट पट्टी तिथे उघडीच ठेवा.

आता लक्ष देऊन वाचा, इथे सगळ्यांची चूक होते. दोन्ही अर्धे भाग सारखेच विणलेत तर जोडताना एक भाग फिरवून समोर येतो, आणि त्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे जाते. म्हणजे एक पात्र पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला! कृष्णा दक्षिणेकडे वाहते, तिची पूर्व तिच्या डाव्या हाताला. कोयना कऱ्हाडला उत्तरेकडे तोंड करून येते, तिची पूर्व उजव्या हाताला. तेव्हा कृष्णेच्या भागात भोकं डावीकडे, कोयनेच्या भागात उजवीकडे.

माहुलीकर
कागदावर दोन बाण काढून, कागद फिरवून पाहिलं. अगदी बरोबर आहे.

कोयनाकाठची
मीही कागद फिरवला! फेअर_वारा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर जोडायच्या दिवशी रडले असते.

(दहा दिवसांनी) कृष्णेचा अर्धा भाग सुईवर आहे. डोंगराच्या २८ ओळी झाल्या. धोमच्या जलाशयासाठी १२ ओळी एकही भोक न घालता नुसत्या सुलट-उलट ठेवल्या. आजूबाजूला जाळी असल्यामुळे ती साधी जागा खरंच साठलेल्या पाण्यासारखी दिसते. वाईच्या घाटांसाठी धारेच्या दोन्ही बाजूंना उलट टाक्यांच्या पायऱ्या काढल्या, सात. गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत घाट मोजले.

वेण्णा मिळाली. काल तारळीच्या जरा आधी एक टाका गळला आणि चार ओळी खाली गेला. जाळीत तो कुठून आला तेच कळेना.

अनघा_पुणे
आडवा वाचवणारा दोरा घातला नव्हतास?

कोयनाकाठची
माहुलीनंतर घातला होता. तिथपर्यंत उसवलं आणि परत विणलं. आता दर १० ओळींनी शिवणाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवतेय.

गवती_चहा
हेळवाक कसं करणार ते सांगा, मी तिथेच अडून बसलेय.

कोयनाकाठची
कोयनेची धार उजव्या काठाजवळ सुरू करणार आणि शिवसागरापर्यंत सरळ नेणार. हेळवाकला मात्र उलट ओळींतही दोरा घ्यायचा, म्हणजे धार दर ओळीला एक टाका डावीकडे सरकेल. कृष्णेची वळणं एकाआड एक ओळीने आहेत, त्यामुळे हे वळण दुप्पट आडवं दिसतं. नमुन्यात करून पाहिलं. तुम्ही म्हणालात तसं, कोपऱ्यावरून वळल्यासारखं.

गवती_चहा
मग माझं काम झालं.

सुलट_उलट
जोडायच्या आधीची ओळ दोन्ही भागांत साधी ठेवा. समोरासमोर जोडलं की अर्ध्या टाक्याचा फरक पडतोच. साध्या विणीत तो दिसत नाही, भोकं समोरासमोर आली तर दिसतो.

कोयनाकाठची
ठेवते. कृष्णा काल रात्री संपली, ४७ ग्रॅम लोकर लागली. टाके जाड दोऱ्यावर घेऊन ठेवलेत. आज सकाळी कोयनेचे ७८ टाके घातले. कोयनेच्या भागात ओळी थोड्या जास्त आहेत आणि दुसरी लडी ५० ग्रॅमचीच आहे, म्हणून विचारते: जोडायला किती दोरा राखून ठेवू?

अनघा_पुणे
रुंदीच्या चौपट. न ताणलेल्या रुंदीच्या नव्हे, सगळे टाके सैल पसरून मोज. आणि पहिल्या लडीचे ३ ग्रॅम उरलेत ना, जोड त्यातूनच घे. मग दुसरी लडी पूर्ण कोयनेला मिळेल.